ऐकल्याचा अहवाल

“बटन कुठी हाये?” मुख्याध्यापक भगवंतराव सरांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, मग लॅपटॉप उचलून त्याच्या पोटाखालीही पाहिलं.

“बटन नाही सर,” नववीतली मनाली म्हणाली. “इथं स्क्रीनवर ‘सुरू करा’ लिहेल हाये ना, तिथं टिचकी मारली का झालं. सोळाही शाळेत आवाज जाते.”

“टिचकी?” भगवंतराव सरांनी कपाळाला हात लावला. “सचिव साहेब शेगावहून गाडी करून येतीन, शाल घेतीन, नारळ घेतीन, आन टिचकी मारतीन? फोटोत काय दिसन? साहेब माशी मारून राह्यले असं दिसन! मले बटन पाह्यजे. मोठं. लाल.”

नवोन्मेष शिक्षण संस्थेच्या सतरा शाळा बुलढाणा जिल्हाभर विखुरलेल्या होत्या, त्यातली एक चांदूरखेडची. शिक्षकांची हजेरी ऑनलाइन घ्यायची म्हणून संस्थेनं दोन वर्षांपूर्वी सगळ्या शाळा इंटरनेटनं जोडल्या होत्या. सकाळी साडेदहाला शिक्षकांचे अंगठे उमटले की ते इंटरनेट दिवसभर नुसतं पडून असायचं. त्यावरून आवाज पाठवला तर काय होईल, असा प्रश्न मनाली आणि तिच्या वर्गातल्या हर्षलला पडला. विज्ञानाच्या धम्मरत्न सरांनी त्यांना गप्प बसवण्याऐवजी लॅपटॉप दिला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. दर शनिवारी सकाळी दहाला अर्धा तास, मुलांनी मुलांसाठी चालवलेला रेडिओ, सतराही शाळांत एकाच वेळी. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘रेडिओ गलका’. “मी वर्षभर गलका बंद करा म्हणून बोंबलतो आन तुम्ही त्याचा रेडिओ काढता?” असं म्हणून भगवंतराव सरांनी त्याचं ‘नवोन्मेष बालवाणी’ केलं. बॅनरवर बालवाणी आलं, पोरांच्या तोंडी गलकाच राहिला.

मनालीला या सगळ्यातून एकच गोष्ट हवी होती. आपण बोललेलं कोणीतरी ऐकावं. घरी तिची आई धम्मशीला अंगणवाडीच्या नोंदी मोबाईलमध्ये भरता भरता तिच्या प्रत्येक वाक्याला “हं” म्हणायची, आणि मनालीनं मुद्दाम “आई, मी चंद्रावर चालली” म्हटलं तरी “हं, स्वेटर घेऊन जा” असं उत्तर यायचं. वर्गात बोललं तर अंगठे धरून उभं राहावं लागे. तेव्हा सोळा शाळांतली अडीच हजार मुलं आपलं बोलणं ऐकणार, या कल्पनेनं तिची झोप उडाली होती. आणि त्यात भगवंतराव सरांनी अट घातली होती. पहिलं प्रसारण सगळ्या शाळांत नीट पोचलं, तर कोपऱ्यातली खोली आणि रेडिओ पोरांकडे राहील. नाही पोचलं, तर सामान शेगावच्या मुख्य कार्यालयात जाईल आणि रेडिओ शिक्षकांची समिती चालवेल. समितीनं पहिल्या सहा महिन्यांचे विषयही ठरवून ठेवले होते आणि त्यातले चार ‘शिस्त’ हेच होते.

बटन हर्षलनं आणलं. त्याच्या मामाच्या पिठाच्या गिरणीचं, पेढ्याएवढं, लालभडक.

“हे तं गिरणी बंद करायचं बटन हाये,” धम्मरत्न सर म्हणाले.

“सुरू करायचं हिरवं असते सर. पण हेडसर म्हणतात, फोटोत लाल उठून दिसते.”

हर्षलनं एक जुना कीबोर्ड खोलला, त्यातल्या एका कळीच्या दोन तारा त्या बटनाला जोडल्या. टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंद करायला एकच बटन असतं तसा प्रकार होता. एकदा दाबलं की प्रसारण सुरू, पुन्हा दाबलं की बंद. धम्मरत्न सरांनी ही गोष्ट भगवंतराव सरांना तीन वेळा समजावून सांगितली. “सर, साहेबाईले सांगजा, एकदाच दाबायचं.” भगवंतराव सरांनी तीनही वेळा मान डोलावली, पण त्यांचं मन त्या वेळी मखमली कापड निळं घ्यावं की जांभळं, यात अडकलेलं होतं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. सचिव शेषराव साहेब आले ते मफलर गुंडाळून. आठवडाभरात तीन लग्नांत आशीर्वादपर भाषणं करून त्यांचा घसा बसला होता, आणि डॉक्टरांनी दोन दिवस अजिबात बोलायचं नाही असं बजावलं होतं. “साहेब आज बोलणार नाहीत,” असं जाहीर होताच मैदानावर बसलेल्या पोरांनी कार्यक्रमातल्या सर्वांत मोठ्या टाळ्या वाजवल्या. साहेबांना त्या टाळ्या सहानुभूतीच्या वाटल्या आणि त्यांनी भारावून हात हलवला.

व्यासपीठावरच्या टेबलावर लॅपटॉप होता. तो दिसायला बरा नाही म्हणून भगवंतराव सरांनी त्याच्यावर जांभळी मखमल घातली होती, आणि मखमलीवर ते लाल बटन झेंडूच्या फुलांच्या गोलात मांडलं होतं. पाठीमागच्या खोलीत माईकसमोर मनाली आणि हर्षल कानाला हेडफोन लावून ताठ बसले होते. खिडकीतून त्यांना साहेबांची फक्त पाठ दिसत होती.

साहेबांनी बटन दाबलं. टाळ्या पडल्या.

“साहेब, तुम्ही बटनाकडं पाहून राह्यले होते,” फोटोवाला म्हणाला. “चेहरा नाही आला. एकदा अजून. थोडी मान वर.”

साहेबांनी मान वर करून पुन्हा दाबलं. पुन्हा टाळ्या. मग कोषाध्यक्षांना वाटलं की आपलाही हात असावा. त्यांनी साहेबांच्या हातावर हात ठेवला, त्यावर उपाध्यक्षांनी ठेवला, आणि सगळ्यांनी मिळून तिसऱ्यांदा दाबलं. फोटोत भगवंतराव सरांचं नुसतं कोपर आलं होतं, म्हणून चौथ्यांदा. पलीकडे उभ्या असलेल्या धम्मरत्न सरांचा चेहरा दर टाळीला उतरत होता, पण त्यांचा कायम नेमणुकीचा आदेश गेली तीन वर्षं याच साहेबांच्या टेबलाच्या खणात होता, त्यामुळे त्यांनी ‘अहो’ म्हणायला उघडलेलं तोंड जांभई दिल्यासारखं करून मिटलं. कदाचित पाच वेळा दाबलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

दाबलं चार वेळाच होतं. सुरू, बंद, सुरू, बंद.

पाहुणे चहाला गेले आणि मनालीनं माईक हातात घेतला. तिचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, दुसऱ्याला सावरला, आणि तिसऱ्या वाक्यापासून तिला थांबवणं कोणालाही शक्य नव्हतं. तिनं बातम्या दिल्या, कोडं घातलं, आणि शाळेत खिचडी रांधणाऱ्या जनकामावशीची मुलाखत घेतली. पातेल्याच्या तळाची खरवड कोणाला मिळते, याबद्दल शाळेत वर्षानुवर्षं भांडणं होती. जनकामावशीनं त्याचा नियम पहिल्यांदाच उघड केला.

“ज्यानं त्या दिवशी मार खाल्ला, त्याले,” ती म्हणाली. “मले स्वयंपाकघरातून समदं आयकू येते. कोन रडलं ते मी ध्यानात ठेवतो.”

मैदानावरची पोरं हे थेट भोंग्यातून ऐकत होती, कारण माईकची एक तार तिकडेही गेली होती. ती आधी हसली आणि मग एकदम गप्प झाली. मनालीला हेडफोनमधून स्वतःचा आवाज खणखणीत ऐकू येत होता. प्रसारण बंद आहे अशी शंका यायला पोरांना काही जागाच नव्हती.

संध्याकाळी अहवाल यायला लागले. भगवंतराव सरांनी आठवडाभर आधीच एक छापील नमुना सगळ्या शाळांना पाठवून ठेवला होता: ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, आवडलेले तीन कार्यक्रम, ऐकतानाचा फोटो, आणि शेवटचा रकाना ‘मा. सचिव साहेबांच्या भाषणाचा विद्यार्थ्यांवर झालेला परिणाम’. नमुना पाठवला तेव्हा साहेबांचा घसा ठणठणीत होता.

संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो धबाधब पडू लागले. सगळ्या फोटोंत मुलं मांडी घालून, हनुवटीला हात लावून स्पीकरकडे बघत होती. सोळा शाळा, सोळा फोटो, आणि सगळीकडे तोच हनुवटीचा हात. मनाली आईचा मोबाईल घेऊन ओट्यावर बसली आणि एकेक अहवाल मोठ्यानं वाचू लागली.

“आई, आयक ना! ‘आवाज अत्यंत सुस्पष्ट. विद्यार्थी मंत्रमुग्ध.’ मंत्रमुग्ध म्हणते, आई!”

“हं,” धम्मशीला म्हणाली. “जेवून घे.”

चौथ्या अहवालापासून मनालीचा आवाज हळू झाला. आवडलेल्या तीन कार्यक्रमांत सगळ्यांनी एकच यादी दिली होती: प्रार्थना, सुविचार, राष्ट्रगीत. यातलं तिनं काहीच सादर केलं नव्हतं. जनकामावशीचं नाव सोळांपैकी एकाही अहवालात नव्हतं. शेवटचा रकाना मात्र तुडुंब भरलेला. नांदुऱ्याच्या शाळेनं लिहिलं होतं, ‘साहेबांचे भाषण ऐकून सहावीच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत पाणी आले.’ पुढच्या नऊ शाळांतही सहावीच्याच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यातल्या दोन शाळांना तर सहावीचा वर्गच नव्हता. शेगावच्या शाळेतल्या तिघांनी साहेबांच्या प्रेरणेनं पुन्हा मोबाईलला हात न लावण्याची शपथ घेतली होती. तिघांच्या हातात फोटोत मोबाईल होते.

दुसऱ्या दिवशी मनालीनं हर्षलला गाठलं. त्यानं लॅपटॉप उघडला, एक आकडा पाहिला आणि तोच पुन्हा पाहिला.

“काय झालं बे?”

“एकूण प्रसारण, अकरा सेकंद,” हर्षल म्हणाला. “पहिल्या दाबण्यात सात, तिसऱ्यात चार.”

त्यांनी ते अकरा सेकंद ऐकले. सोळा शाळांपर्यंत गेलेला कार्यक्रम असा होता: टाळ्या, मग फोटोवाल्याचा “थोडी मान वर” हा संदेश, मग पुन्हा टाळ्या. याच्यावर सहावीची पोरं रडली होती.

ती अर्धा तास भिंतीशी बोलली होती. त्याहून वाईट म्हणजे, ती भिंतीशी बोलली हे सोळा शाळांपैकी एकालाही कळलं नव्हतं, कारण स्पीकरपुढे कोणी बसलंच नव्हतं. ती तशीच ऑफिसात गेली आणि भगवंतराव सरांना सगळं सांगून टाकलं.

सरांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

“म्हंजे तुह्या म्हणण्यानं सोळा मुख्याध्यापक खोटे आन तुमचं एक यंत्र खरं?”

“सर, यंत्रात दिसून राह्यलं ना...”

“त्याईनं सही-शिक्क्यानिशी लिहून देलं. तुह्या यंत्राचा शिक्का कुठी हाये?” सर पुढे झुकले. “आन मनाली, तू काय बोलून राह्यली हे तुले समजते का? प्रसारण गेलंच नाही, तं खोली गेली, रेडिओ गेला. गेलं, तं सगळं तुमचं. सोळा शाळा म्हणतात गेलं. मंग तुलेच काऊन खाजवून राह्यलं?”

खरं सांगितलं तर रेडिओ जाणार होता, आणि नाही सांगितलं तर रेडिओ राहणार होता पण तो कोणी ऐकणार नव्हतं. तिला दोन्हींचा सारखाच राग आला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांचा होता. घसा मोकळा झाल्याचं पलीकडच्या भिंतीलाही कळत होतं.

“भगवंतराव, अहवाल वाचले. मले सांगा, मी त्या दिवशी बोललो नोव्हतो ना?”

भगवंतराव सरांनी एक क्षण छताकडे पाहिलं. “साहेब, सोळा शाळांनी ऐकलं.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“मंग बोललो असन,” साहेब म्हणाले. “तापात होतो थोडा. पण पोरं रडेपर्यंत बोललो म्हंजे चांगलंच बोललो असन. असं करा, त्या भाषणाची रेकॉर्डिंग पाठवा. वर्धापनदिनाले लावू.”

फोन ठेवल्यावर सरांच्या चेहऱ्याचा रंग बघून मनालीलाच त्यांची दया आली. “मनाली,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बेटा, भाषणाची रेकॉर्डिंग असन ना?”

“कोणत्या भाषणाची सर?”

“जे झालं नाही त्याची.”

मनालीनं विचार केला. रागावलेल्या माणसाला कधीकधी फार चांगलं सुचतं, तसं तिला सुचलं. “सर, साहेबाईले सांगा, रेकॉर्डिंगमधी टाळ्याच टाळ्या हायेत, भाषण आयकूच येत नाही. एकडाव परत बोला म्हणा.” यात खोटं काहीच नव्हतं. “पण मंग येत्या शनिवारी आमचा कार्यक्रम सगळाच्या सगळा पुन्हा जाईन. आधी आमचा, मंग साहेबाईचा.”

‘टाळ्यांमुळे भाषण ऐकू येत नाही’ ही अडचण साहेबांना फारच पटली. ते दुसऱ्याच दिवशी आले आणि कोपऱ्यातल्या खोलीत बसून चौतीस मिनिटं बोलले. भाषणाचा विषय ‘ऐकण्याची कला’ होता. ते संपेपर्यंत हर्षलला डुलकी लागली होती आणि धम्मरत्न सर त्याला कोपरानं ढोसत होते, म्हणजे तेही जागे होते असं नव्हे, पण त्यांचं कोपर जागं होतं.

शनिवारी बटन, मखमल, झेंडू असं काही नव्हतं. हर्षलनं टिचकी मारली. सोळाही शाळांचे संगणक जोडलेले दिसले. पण त्यापुढे माणूस बसलाय की भिंत, हे यंत्र सांगत नाही. मनालीनं बातम्या दिल्या, कोडं घातलं, जनकामावशीची मुलाखत लावली. मग साहेबांचं भाषण सुरू करण्यापूर्वी ती क्षणभर थांबली आणि कागदावर नसलेलं एक वाक्य बोलली.

“एक सूचना. ज्या शाळेत आत्ता आमचा आवाज खरोखर ऐकू येतोय, त्या शाळेने कृपया अहवाल पाठवू नये.”

हर्षलनं डोळे विस्फारले. धम्मरत्न सरांनी ओठ चावला, मग हळूच दुसरीकडे पाहिलं. भगवंतराव सरांनी हे वाक्य ऐकलं नाही. ते त्या वेळी पाचवीच्या वर्गात, ऐकणाऱ्या मुलांचे हात हनुवटीला नीट लावून घेण्यात गुंतले होते.

संध्याकाळपर्यंत पंधरा अहवाल आले. या वेळी सातवीच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मनाली मोजत बसली होती. सहा, सात, बारा, चौदा, पंधरा. प्रत्येक अहवालाला तिची आशा थोडी मावळायची. पण सोळावा आला नाही. सात वाजले, आठ वाजले, आला नाही. देऊळगाव राजाच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून आत, संस्थेची एक दोन खोल्यांची शाळा होती. एकतीस मुलं आणि चांगुणाबाई नावाच्या एकट्या शिक्षिका. तिथून काहीच आलं नव्हतं. मनालीनं आईला जाऊन मिठीच मारली.

“काय झालं वं?” धम्मशीलानं नोंदी भरणं थांबवून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“एकतीस जणाईनं ऐकलं, आई. एकतीस!”

सोमवारी सकाळी तिला ऑफिसातून बोलावणं आलं. साहेब स्वतः आले होते. समोर अहवालांचा गठ्ठा होता, आणि त्याच्यावर एक टाईप केलेला कागद.

“पंधरा शाळांनी अहवाल देला,” साहेब म्हणाले. “एका शाळेनं माहं भाषण ऐकण्याची तसदी घेतली नाही. ती चांगुणाबाई. तिले नोटीस काढली. वेतनवाढ बंद. आन ही नोटीस येत्या शनिवारी रेडिओवर तू वाचायची, म्हंजे बाकीच्याईले वचक बसन.”

मनालीनं कागद हातात घेतला. ‘कार्यक्रम जाणीवपूर्वक न ऐकल्याबद्दल’ असं पहिल्याच ओळीत होतं. सबंध जिल्ह्यात जिनं तिचं ऐकलं, ती एकच बाई. आणि तिलाच हे वाचून दाखवायचं. रेडिओ गेला तर गेला, असं तिनं मनाशी ठरवलं.

“साहेब, तेवढ्याच शाळेनं ऐकलं,” ती म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या खोलीतून लॅपटॉप आणून शनिवारची रेकॉर्डिंग लावली.

‘...खरोखर ऐकू येतोय, त्या शाळेने कृपया अहवाल पाठवू नये.’

साहेबांनी गठ्ठ्यातला वरचा अहवाल उचलला, खालचा उचलला, मधला ओढून काढला. भगवंतराव सर खुर्चीतून अर्धे उठले होते आणि तसेच राहिले होते.

“म्हंजे पंधरा शाळांनी,” साहेब सावकाश म्हणाले, “माहं भाषण आयकलंच नाही?”

“नाही साहेब.”

“ते सातवीचे पोट्टे?”

“नाही रडले, साहेब.”

साहेबांचा चेहरा पडला. एवढा मोठा माणूस, पण रुसलेल्या नवरदेवासारखा दिसायला लागला. मग त्यांनी आशेनं विचारलं, “पण पहिल्या वेळचं तरी? ते तं आयकलं असन?”

भगवंतराव सरांनी डोळे मिटून घेतले.

“पहिल्या वेळचं सगळ्या शाळांनी सारखंच ऐकलं, साहेब,” मनाली म्हणाली.

साहेबांना बरं वाटलं. त्यांनी आणखी विचारलं नाही, आणि का विचारलं नाही हे त्यांचं त्यांना माहीत. नोटीस फाडली गेली. पंधरा मुख्याध्यापकांना शेगावला बोलावून साहेबांनी त्यांना चौतीस मिनिटांचं ते भाषण समोर बसवून ऐकवलं, दोनदा. खोली आणि रेडिओ पोरांकडे राहिला. आणि असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून संस्थेनं नवं परिपत्रक काढलं: ‘यापुढे जी शाळा प्रसारण प्रत्यक्ष ऐकेल, तिने अहवाल पाठवू नये. अहवाल पाठवणारी शाळा ऐकत नाही असे समजण्यात येईल.’

पुढच्या शनिवारी पावणेदहाला चांदूरखेडची लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी होती, पण इंटरनेटचा डबा बंद पडला. दहा वाजले, सव्वादहा झाले. धम्मरत्न सर वायरमनला फोन लावत होते, हर्षल तारा हलवून बघत होता. प्रसारण सुरूच झालं नव्हतं.

भगवंतराव सर मात्र खुशीत मोबाईल पुढे धरून खोलीत आले. “पाह्य मनाली! एकही अहवाल नाही. सोळापैकी सोळा शाळा आयकून राह्यल्या. शंभर टक्के! आतापावतर असं कधी झालं नाही.”

“सर, लाईट नाही. आपण सुरूच नाही केलं.”

“त्याचं जाऊ दे. अहवाल आला का एक तरी? नाही ना?” आणि त्यांनी वहीत शंभर टक्के असं लिहूनही टाकलं.

तेवढ्यात धम्मरत्न सरांच्या फोनवर एक अनोळखी नंबर आला. त्यांनी ऐकलं आणि फोन मनालीकडे दिला. पलीकडून एका लहान मुलीचा वैतागलेला आवाज येत होता.

“रेडिओवाली ताई का? अवं दहा वाजून वीस मिनिटं झाली. आम्ही सगळे कवाचे बसलोत. तुमचा आवाजच यीना गेलाय.”

“कुठून बोलता?”

“चांगुणाबाईच्या शाळेतून. बाई म्हणल्या, तूच विचार. मागच्या डावाला ते साहेब लईच बोलले, तेवढं नका लावू. पण तुमचं लावा ना.”

“लाईट गेली गं इथं.”

“मग फोनवरून सांगा की. बाईंनी स्पीकर चालू केलाय.”

मनालीनं बातम्यांचा कागद पुढे ओढला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कोणत्याही रकान्यात भरण्यासारखं नव्हतं.

“कोन हाये?” भगवंतराव सरांनी विचारलं.

“तक्रार हाये सर,” ती हसत म्हणाली. “आवाज येऊन नाही राह्यला म्हणतात.”

“तक्रार?” सरांचा आनंद मावळला. त्यांनी वहीकडे पाहिलं, त्यातल्या शंभराकडे पाहिलं. “पंधरा शाळा कशा चूपचाप आयकून राह्यल्या, कोनाची काही तक्रार नाही. आन ह्याईलेच कायले आवाज लागते?”

मनालीनं ते ऐकलं नाही. तिनं फोन तोंडाशी धरला होता आणि बातम्या सांगायला सुरुवात केली होती. दुसऱ्याच बातमीला पलीकडून कोणीतरी तिला अडवलं.

“ताई, जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू यीना.”